तणनाशक कमी कसे करता येईल? पंजाब-हरियाणाच्या गव्हाचा धडा

(शेतकरी व शेतमजूर आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शेतीप्रश्नाची चर्चा निघाली की जमीन, पाणी, कर्ज, हमीभाव आणि मजुरी हे विषय पुढे येतात, आणि ते यावयासच हवेत. तणाचा विषय मात्र ज्याच्या त्याच्या बांधावरचा खाजगी व्यवहार समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की, तणाच्या प्रश्नात वरील सर्व प्रश्न एकत्र येऊन मिळतात. शेतात तण कोणते माजते हे पीकपद्धतीवर अवलंबून असते. पीकपद्धती सरकारी खरेदीवर आणि जमिनीच्या कराराच्या मुदतीवर ठरते. तण काढावयाचे कोणी, हा तर सरळ सरळ मजुरीचा प्रश्न आहे.

नुकसान किती मोठे आहे ते आधी पाहावे. जबलपूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तणविज्ञानाचे संचालनालय आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००३ ते २०१४ या काळात १८ राज्यांत शेतकऱ्यांच्याच शेतांवर घेतलेल्या दीड हजारांहून अधिक चाचण्यांचा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार तणांमुळे गव्हाच्या उत्पादनात १८.६ टक्के, लावणीच्या भातात १३.८ टक्के, पेरभातात २१.४ टक्के, ज्वारीत २५.१ टक्के, मक्यात २५.३ टक्के आणि बाजरीत २७.६ टक्के घट येते. दहा प्रमुख पिकांचे एकूण नुकसान वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलर इतके भरते. तेव्हा तणाचा बंदोबस्त केलाच पाहिजे, याबद्दल दुमत असू शकत नाही. तो कोणत्या साधनाने करावयाचा, त्याची किंमत कोणी मोजावयाची आणि ते साधन किती वर्षे टिकणार, हा वादाचा मुद्दा आहे. या प्रश्नांचे उत्तर पंजाब आणि हरियाणातील गव्हाच्या शेतांनी फार महागात मिळविले आहे. म्हणून त्या इतिहासाचा अभ्यास महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक कार्यकर्त्याने करावा असा आहे.

एका गवताचा इतिहास

पंजाब-हरियाणात 'गुल्ली डंडा' किंवा 'मंडूसी' या नावाने ओळखले जाणारे एक गवत आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला फॅलॅरिस मायनर म्हणतात. हे मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गव्हाच्या शेतात त्याचे विशेष प्रस्थ नव्हते. बुटक्या मेक्सिकन जाती आल्या, पाण्याच्या पाळ्या वाढल्या, रासायनिक खताची मात्रा वाढली, आणि या गवताला जे जे हवे होते ते सर्व शेतकऱ्याने आपल्या खर्चाने पुरविले. पूर्वीचा उंच गहू गवतावर सावली धरीत असे. बुटक्या गव्हाला ते जमेना.

त्यानंतर भात आणि गहू, पुन्हा भात आणि गहू, असे एकच चक्र सुरू झाले. भाताच्या शेतात महिनोन्महिने पाणी उभे राहते. कोरडवाहू जमिनीतील पुष्कळ तणांचे बी त्या पाण्यात नाश पावते. गुल्ली डंड्याचे बी मात्र पाण्याखाली तग धरते, आणि हिवाळ्यात गव्हाबरोबर वर येते. बाकीचे प्रतिस्पर्धी नाहीसे झाल्यामुळे त्याला मैदान मोकळे मिळाले.

हे गवत लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. जाणकार मजूर बुडखा पाहून ते ओळखतो. गवताच्या बुडख्याला लालसर छटा असते आणि तो मोडला की लालसर रस येतो. गव्हाच्या पानाच्या तळाशी खोडाला कवटाळणारी दोन लहान टोके असतात, ती या गवताला नसतात. पण दाटीने पेरलेल्या शेतात एकेक रोप पारखून उपटणे हे अतिशय वेळखाऊ काम. शिवाय गहू कापणीस येण्यापूर्वीच हे गवत आपले बी मातीत झाडून मोकळे होते. म्हणजे कापणीच्या वेळी ते दिसेनासे झाले, तरी पुढील वर्षाची पेरणी त्याने उरकलेली असते.

औषधाची पंधरा वर्षे

या गवतावर उपाय म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक प्रचारात आले. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, ती क्रिया हे द्रव्य बंद पाडते. गव्हाचे रोप त्याचे विघटन करून वाचते, गवत मरते. औषध स्वस्त होते, परिणाम स्पष्ट दिसत होता, आणि मजुरीचा खर्च वाचत होता. शेतकऱ्याने ते स्वीकारले यात नवल नाही. प्रारंभीची कित्येक वर्षे त्याने शेतकऱ्याला खरोखरच हात दिला, हेही नाकारता येत नाही.

दोष औषध वापरण्यात नव्हता. तेच औषध, त्याच शेतात, त्याच पिकावर, वर्षामागून वर्षे वापरले गेले, हे संकटाचे मूळ होते. त्यातही पुष्कळ ठिकाणी ते पंपाने फवारण्याऐवजी वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फोकले जाई. कोठे जास्त पडे, कोठे कमी. कोठे खर्च वाचविण्यासाठी मात्रा अपुरी, कोठे वेळ निघून गेल्यानंतर वापर, अशी स्थिती होती.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी हरियाणातील शेतकरी तक्रार करू लागले की औषध मारूनही गवत मरत नाही. पहिला संशय साहजिकच भेसळीवर गेला. हिसारच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अशा शेतांतले बी आणून तपासले. औषध निर्भेळ असतानाही, आणि नेहमीपेक्षा कित्येक पट मात्रा देऊनही, ते गवत जिवंत राहते असे आढळून आले. तणनाशकाला दाद न देणारे गवत भारतात निर्माण झाल्याची ही पहिली मोठी नोंद होय. थोड्याच वर्षांत हा उपद्रव वायव्य भारतातील आठ ते दहा लाख हेक्टरांवर पसरल्याचा अंदाज व्यक्त झाला. काही शेतांत गवत इतके माजले की, शेतकऱ्यांना उभा हिरवा गहू कापून जनावरांपुढे टाकावा लागला.

हे कसे घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. औषधामुळे एखाद्या रोपाला प्रतिकाराची सवय लागते, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. शेतातील लक्षावधी रोपे जन्मतः एकसारखी नसतात. त्यांत दोन-चार अशी निघतात की, ज्यांच्या अंगी विषाचे विघटन करण्याची शक्ती इतरांपेक्षा अधिक असते. औषध नव्हते तेव्हा या शक्तीचा त्यांना काही उपयोग नव्हता. औषध आले, बाकीची मेली, आणि ही दोन-चार निर्वेधपणे बी धरू लागली. एकेक झाड शेकडो बिया टाकते. पुढील वर्षी त्यांच्या संततीतून पुन्हा तीच निवड. दहा-पंधरा वर्षांत शेताची सारी वस्तीच बदलून जाते. लहान लहान संख्यात्मक बदलांची बेरीज होत होत एका टप्प्यावर गुणात्मक पालट होतो, याचे याहून उघड उदाहरण शोधावयास नको.

गव्हाचे रोप ज्या प्रकारे विषाचे विघटन करते, जवळजवळ त्याच प्रकारे हे गवतही करू लागले होते. यात पुढील धोका दडलेला होता. ज्या वनस्पतीची विघटनाची यंत्रणाच प्रबळ झाली, ती वनस्पती एका औषधापुरती थांबत नाही. जे औषध त्या शेतात कधी पडलेही नाही, त्यालाही ती पुरून उरू शकते.

आणि झालेही तसेच. १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन या नव्या तणनाशकांची शिफारस झाली. ती आयसोप्रोट्यूरॉनपेक्षा महाग होती. पहिल्या काही हंगामांत गवत साफ झाले आणि उत्पादन पूर्ववत आले. पण सुमारे दहा वर्षांत यांपैकी एकेका औषधाला गवत जुमानेनासे झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. पुढे पिनॉक्सॅडेन आले, त्यालाही दाद न देणारी झाडे आढळली. प्रत्येक वेळी शेतकऱ्याने अधिक पैसे मोजले आणि प्रत्येक वेळी औषधाचे आयुष्य मर्यादितच ठरले.

औषधाशिवाय काय काय करता येते

या संकटातून जे ज्ञान निर्माण झाले, ते मोलाचे आहे. गुल्ली डंड्याचा जीवनक्रम बारकाईने तपासल्यावर त्याचे दुबळे दुवे सापडले. ते क्रमाने असे.

पहिला दुवा तापमानाचा. गव्हाचे बी काहीशा उबदार मातीत चांगले उगवते. या गवताला त्याहून थंडी लागते, म्हणून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून ते जोराने वर येते. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला गहू त्यापूर्वीच जमीन झाकू लागतो आणि गवत त्याच्या सावलीत सापडते. याच कारणाने उशिरा पेरलेल्या गव्हात गवताचा उपद्रव अधिक होतो.

दुसरा दुवा मातीच्या थराचा. या गवताचे बी वरच्या काही सेंटिमीटरांच्या थरातून उगवते. खोल गेलेले बी वर येऊ शकत नाही, पण मरतही नाही. दरवर्षीची नांगरणी ते पुन्हा वर आणून टाकते. म्हणून भात कापल्यानंतर जमीन न नांगरता, ओलीचा फायदा घेऊन, खाच पाडणाऱ्या यंत्राने थेट गहू पेरला तर गवत पुष्कळ कमी उगवते. अशा पेरणीयंत्रावर पंतनगरच्या कृषी विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी काम झाले. हरियाणातील शेतकऱ्यांनी ही विना-नांगरणी पद्धत मुख्यतः या गवताच्या धाकानेच उचलली. डिझेल वाचले आणि पेरणी आठवडा-दीड आठवडा आधी झाली, हा अधिकचा लाभ. मात्र या पद्धतीला मर्यादाही आहेत. पेरणीपूर्वी शेतात आधीच उभे असलेले तण मारण्यासाठी काही ठिकाणी दुसरे तणनाशक वापरले जाते, आणि हरळी-लव्हाळ्यासारखी मुळांनी पसरणारी तणे न नांगरलेल्या शेतात वाढण्याचा संभव असतो. तेव्हा तीही डोळे झाकून दरवर्षी करण्याची गोष्ट नव्हे.

तिसरा दुवा उजेडाचा. भाताचा पेंढा जाळून न टाकता शेतातच पसरून ठेवला आणि त्यातूनच गहू पेरला, तर पेंढ्याच्या जाड थराखाली तणाचे बी दडपले जाते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या सहकार्याने या शतकाच्या प्रारंभी विकसित केलेले 'हॅपी सीडर' हे यंत्र यासाठीच आहे. पेंढा जाळल्याने दिल्लीपर्यंत धूर जातो म्हणून शेतकऱ्यावर खटले भरण्याची भाषा होते. तोच पेंढा तणनाशकाचा खर्च कमी करू शकतो, हे सांगणारा आणि यंत्र वेळेवर दारी आणून देणारा कोणी नसतो. गव्हाच्या ओळींतील अंतर साडेबावीस सेंटिमीटरांवरून पंधरा सेंटिमीटरांवर आणले, तरीही जमीन लवकर झाकली जाऊन गवताला उजेड कमी मिळतो.

चौथा दुवा बियाच्या साठ्याचा. पेरणीपूर्वी शेताला पाणी देऊन तण मुद्दाम उगवू द्यावे आणि मग हलकी पाळी घालून ते मारावे. मगच पेरणी करावी. घरचे बियाणे चाळून घ्यावे, कारण गव्हाबरोबर तणाचे बी पेरले जाणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. फवारणीनंतर जी थोडी झाडे उरतात तीच सर्वांत धोक्याची. ती फुलोऱ्यापूर्वी हाताने उपटून टाकली, तर पुढील वर्षाची निवडच थांबते. वर वर्णन केलेल्या इतिहासाचा अर्थ ध्यानात घेतला तर शेवटचे हे काम किती महत्त्वाचे आहे ते पटेल.

पाचवा दुवा पिकाच्या फेरपालटाचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. बरसीमसारखा चारा वारंवार कापला जातो, त्याबरोबर गवतही बी धरण्यापूर्वी कापले जाते. ऊस, बटाटा, सूर्यफूल यांची मशागत आणि वेळापत्रक निराळे असते. ज्या शेतांत अशी पालट होत राहिली, तेथे आयसोप्रोट्यूरॉनला न जुमानणाऱ्या गवताचा उपद्रव पुष्कळ कमी आढळला. वर्षानुवर्षे भात-गहू हेच चक्र चाललेल्या शेतांत तो सर्वाधिक होता.

यांपैकी एकही उपाय एकटा पुरेसा नाही. अनेक उपाय एकत्र केले म्हणजे तणनाशकाची गरज घटते आणि जे थोडे वापरावे लागते ते अधिक वर्षे टिकते. ते वापरतानाही शिस्त हवी. तणाची दोन ते चार पाने असताना, शिफारस केलेल्या पूर्ण मात्रेत, पुरेसे पाणी घेऊन, सपाट पंख्यासारखी फवार देणाऱ्या नोझलने सारखी फवारणी करावी. निरनिराळ्या प्रकारे काम करणाऱ्या गटांची औषधे आलटून पालटून घ्यावी. केवळ डब्यावरचे नाव बदलले म्हणजे गट बदलतो असे नाही. आणि जेथे तण आहे तेवढ्याच पट्ट्यात फवारावे. एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. तणनाशक कमी करणे म्हणजे प्रत्येक फवारणीची मात्रा अर्धी करणे नव्हे. अपुरी मात्रा अर्धवट बळकट झाडे जिवंत ठेवते आणि प्रतिकाराला हातभार लावते. कमी करावयाचे ते फवारण्यांची संख्या आणि फवारलेले क्षेत्र.

मग शेतकरी हे का करीत नाही?

हे सर्व ज्ञान वीस-पंचवीस वर्षांपासून उपलब्ध आहे. तरीही औषधावरचे अवलंबन कमी झालेले नाही. शेतकरी अडाणी आहे, असे उत्तर शहरी विद्वान सहज देऊन टाकतात. प्रत्यक्ष संबंध तपासले तर निराळेच चित्र दिसते.

पंजाबात खात्रीची सरकारी खरेदी मुख्यतः गहू आणि भात या दोनच पिकांची आहे. बटाटा किंवा सूर्यफूल घेतले आणि भाव कोसळला तर नुकसान शेतकऱ्याचे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो तणाच्या भल्यासाठी म्हणा की बुऱ्यासाठी, असा जुगार खेळणार नाही. फेरपालटाचा उपदेश हमीभावाने खरेदीच्या यंत्रणेवाचून पोकळ आहे.

दुसरी गोष्ट जमिनीच्या कराराची. तेथे पुष्कळ जमीन वर्षाच्या ठेक्याने कसली जाते. तणाच्या बियाचा साठा कमी करावयाचा तर तीन-चार वर्षे सतत काम करावे लागते. ज्याला पुढील वर्षी हे शेत आपल्याकडे राहील याचीच शाश्वती नाही, तो कष्टकरी ठेकेदार दुसऱ्याच्या जमिनीतील बियाचा साठा कशासाठी संपवील? तो यंदाचे पीक वाचविणारे औषधच घेणार. येथे तणशास्त्राचा प्रश्न कुळाच्या हक्काचा प्रश्न होतो.

तिसरी गोष्ट सल्ल्याची. गावात कृषी सहायक क्वचित दिसतो, औषधाचे दुकान रोज उघडे असते. उधारीही तेथेच मिळते. ज्याच्याकडे उधारी, त्याचाच सल्ला चालतो. ज्याचा नफा विक्रीवर अवलंबून आहे, तो यंदा फवारणीची गरज नाही असे सांगेल ही अपेक्षाच व्यर्थ होय. सार्वजनिक कृषिविस्तार यंत्रणा दुबळी होऊ देणे म्हणजे शेतकऱ्याला दुकानाच्या स्वाधीन करणे.

याच क्रमात अलीकडची एक घटना ध्यानात ठेवावी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये इमॅझेथॅपायर हे तणनाशक सहन करणाऱ्या बासमतीच्या दोन जाती प्रसारित केल्या. पेरभातात तण फार माजते, म्हणून अशा जातींची मागणी आहे. पेरभाताने पाणी व लावणीची मजुरी वाचते. २०२२ मध्ये पंजाब सरकारने त्यासाठी एकरी दीड हजार रुपये अनुदानही जाहीर केले होते. परंतु एकाच औषधाला बांधलेले बियाणे वर्षानुवर्षे पेरले गेले, तर गुल्ली डंड्याची कथा भातात पुन्हा घडण्याचा धोका उघड आहे. शिवाय भाताचाच भाऊबंद असलेला रानभात शेतात असतो आणि त्यात हा गुण परागातून जाऊ शकतो. बियाणे सार्वजनिक संस्थेचे आहे एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. त्याबरोबर फेरपालटाचा आणि देखरेखीचा कार्यक्रम आहे की नाही, हे विचारले पाहिजे.

महाराष्ट्राकडे वळताना

महाराष्ट्रात गुल्ली डंडा हा प्रमुख शत्रू नाही. येथील कोरडवाहू ज्वारी-बाजरीत तणाशी लढण्याची परंपरा निराळी आहे आणि ती औषधावर उभी नव्हती. तिफणीने ओळीत पेरणी आणि ओळींमधून बैलाचे कोळपे, विदर्भात डवरे, ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली. सोलापूरकडील रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या जातात. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली, पाच आठवड्यांनी दुसरी आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने तिसरी. कोळपणीने तण तर निघतेच, शिवाय काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल टिकते. तणनाशकाने तण मरेल, भेग बुजणार नाही. कोरडवाहू शेतीत हा फरक पिकाच्या जगण्या-मरण्याचा ठरू शकतो.

ज्वारीवरील टारफुल्याचे उदाहरणही बोलके आहे. हे तण ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचाच रस शोषते. जमिनीवर दिसण्यापूर्वीच त्याने निम्मे नुकसान केलेले असते. एक झाड हजारो सूक्ष्म बिया टाकते आणि त्या कित्येक वर्षे जमिनीत जिवंत राहतात. येथे वेळेवरची एखादी फवारणी प्रश्न सोडवीत नाही. कापूस किंवा चवळीसारख्या पिकाच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बी उगवते, पण त्या मुळांवर त्याला पोसता येत नाही आणि ते मरते. म्हणून फेरपालट आणि फुलोऱ्यापूर्वी उपटणे, हाच मार्ग. आणि तो एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या शेतातील बी वाऱ्याने, पाण्याने, जनावरांच्या खुरांनी येतच राहते. बांधावर थांबणारे तण अजून जन्मास आलेले नाही.

परंतु बैल कमी झाले, कोळप्याची जोडी राहिली नाही, आणि महाराष्ट्रातही ज्वारी, मका, गहू, भात यांत तणनाशकाचा वापर वाढत आहे. १९५० च्या दशकात जपानी पद्धतीच्या भातशेतीचा मोठा प्रचार झाला. ओळीत लावणी आणि ओळींतून फिरणारे हातकोळपे हे तिचे एक मुख्य अंग होते. खत तेवढे राहिले, कोळपे बहुतेक ठिकाणी मागे पडले, याची आठवण आज उपयोगी पडेल.

खुरपे कोणाच्या हाती?

आता सर्वांत कळीचा प्रश्न. तणनाशक कमी करा असे म्हणताच काही जण सांगतात की मग पूर्वीप्रमाणे खुरपणी करावी. पूर्वीप्रमाणे म्हणजे कशी? निंदणी-खुरपणी हे स्त्री-मजुरांचे काम. आठ-आठ तास उकिडवे बसून, वाकून, चिखलात किंवा उन्हात चालणारे हे काम पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमी मजुरीत करून घेतले गेले. स्वस्त खुरपणी ही या स्त्रियांच्या कमरेवर उभी होती. तिचे गोडवे गाणे कष्टकऱ्यांच्या कोणत्याही संघटनेला शोभणारे नाही.

उलट बाजूने, तणनाशकाने त्या स्त्रियांची मुक्तता झाली असे म्हणणेही खोटे आहे. त्यांचे हंगामी दिवस गेले आणि त्या दिवसांच्या जागी दुसरे काम आले नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतला तो बहुधा मजूर पुरुषानेच. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण पंप तोच, पाठ तीच, आणि संरक्षणाचा अभावही तोच. पॅराक्वाट या तणनाशकावर तर वैद्यकशास्त्राजवळ उताराच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर अधिसूचनेने निर्बंध घातले आणि ते फक्त परवानाधारक फवारणीकारांमार्फत वापरावे असे ठरविले. गावोगाव असे फवारणीकार नसतील तर असा हुकूम कागदावरच राहणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून एकीकडे विष आणि दुसरीकडे वेठ, ही निवड शेतमजुरांनी स्वीकारण्याचे कारण नाही. तिसरा मार्ग आहे. लवकर पेरणी, फेरपालट, पेंढ्याचे आच्छादन, कोळपे यांनी तणाचा मोठा हिस्सा आधीच आटोक्यात आणावयाचा. उरलेल्यासाठी उभ्याने चालविता येणारी सायकल कोळप्यासारखी अवजारे वापरावयाची. आणि जे थोडे हातानेच उपटावे लागेल, ते कौशल्याचे काम मानून त्याची पुरुषाइतकी मजुरी द्यावयाची. गव्हाच्या रोपांतून गुल्ली डंडा अचूक ओळखणारी स्त्री अकुशल नाही. ती जे करते ते कोणतेही औषध करीत नाही: शेवटचे, सर्वांत बळकट झाड बी धरण्यापूर्वी शेतातून काढून नेते. औषधाचे आयुष्य वाढविणारे हे काम आहे, आणि त्याचा दाम त्या हिशेबाने मागितला पाहिजे.

काय हाती घ्यावे

यातून कामाची दिशा स्पष्ट होते. गावपातळीवर कोणत्या शेतात कोणते तणनाशक किती वर्षे मारले गेले याची साधी नोंद ठेवता येते. औषध मारूनही तण मरत नसेल तर ते बी कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरता येतो. भेसळ असेल तर विक्रेत्याला जाब विचारता येईल, प्रतिकार असेल तर पुढील पैसा वाचेल. पेरणीयंत्र, हॅपी सीडर, कोळपी यांची सामुदायिक केंद्रे सहकारी संस्थांमार्फत चालवून लहान शेतकऱ्यालाही ती पेरणीच्या त्याच आठवड्यात मिळावी, अशी मागणी करता येते. टारफुल्यासारख्या तणासाठी सावडीची जुनी प्रथा पुन्हा उपयोगी आणता येते.

राज्य व देश पातळीवर डाळी, तेलबिया, ज्वारी-बाजरी यांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी, कुळांना व ठेक्याने कसणाऱ्यांना मुदतीचे संरक्षण, कृषिविस्ताराच्या रिक्त जागांची भरती, फवारणी करणाऱ्यांना मालकाच्या खर्चाने संरक्षक साधने आणि निंदणीला समान मजुरी, या मागण्या तणाच्या प्रश्नाशी प्रत्यक्ष जोडलेल्या आहेत. मोर्च्यात त्या वेगवेगळ्या फलकांवर लिहिल्या जातात. शेतात त्या एकाच सरीत उगवतात.

पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याने एकामागून एक औषधांची किंमत मोजून हा अनुभव मिळविला आहे. महाराष्ट्राच्या ज्वारी-भाताच्या शेतात तोच खर्च पुन्हा करण्याची आवश्यकता नाही. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील पाच-दहा शेतांची तणांची आणि औषधांची नोंद तयार करावी, आणि ती नोंद करताना खुरपणीला जाणाऱ्या स्त्रियांना प्रथम विचारावे. कोणते तण औषधाला दाद देईनासे झाले आहे, हे त्यांना सर्वांच्या आधी कळलेले असते.